घरफोडीच्या प्रयत्नानंतर टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअरची तपासणी: लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानाची घरपोच सेवा

गणपतीसाठी आम्ही राजापूरला गेलो असताना विलेपार्ले पूर्व येथील आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात मागच्या खिडकीचे ग्रिल कापून चोर शिरले. इमारतीच्या वॉचमनला खुडबुड ऐकू आली, त्याने खालून बॅटरीचा झोत टाकून आरडाओरडा केला आणि चोर हातातले टाकून पळाले. शेजाऱ्यांचा पहाटे फोन आला तेव्हापासून आम्ही घरी पोहोचेपर्यंत जो जीव टांगणीला लागला होता, तो दार उघडल्यावर जरा खाली आला, कारण कपाटाला हात लागला नव्हता. दिवाणखान्याची अवस्था मात्र वेगळी होती. पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवरून उतरवून सोफ्याला टेकवला होता, ॲम्प्लिफायर कपाटातून अर्धा बाहेर ओढला होता, स्पीकरच्या वायरी पकडीने तोडल्या होत्या, मधला स्पीकर जमिनीवर पडला होता आणि सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर तडा गेलेल्या झाकणासह तिरका होऊन भिंतीला टेकला होता. शेजाऱ्यांनी ताडपत्री बांधेपर्यंत उघड्या खिडकीतून पावसाची झड आत येत होती, ती निराळीच.

पोलिसांनी विचारले, “काय गेले?” आम्ही म्हणालो, “काही नाही.” त्यांचा पुढचा प्रश्न, “नुकसान किती?”, याला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्यासाठी आम्ही दोन ठिकाणी सेवा घेतली आणि त्यांतल्या दुसऱ्या सेवेविषयी हे लिहीत आहे. दुकान लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मालकांनी नाव छापू नका अशी विनंती केली आहे, कारण घरी जाऊन तपासणी करणारा माणूस एकच असून तो म्हणजे ते स्वतः. आम्ही त्यांना काका म्हणत होतो, तेव्हा इथेही तेच म्हणते.

प्रथम पहिल्या सेवेबद्दल थोडक्यात. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकाच कंपनीचे असल्यामुळे आम्ही आधी त्या कंपनीच्या अधिकृत केंद्रात तक्रार नोंदवली. दुसऱ्याच दिवशी एक तरुण आला, ही जलद सेवा म्हणून मान्य करायला हवी. त्याने टीव्हीचा प्लग लावला, चित्र दिसल्यावर “टीव्ही ओके” असे लिहिले, मग तोडलेल्या वायरींची टोके मागे तशीच लोंबत असताना ॲम्प्लिफायर चालू केला. आतून टक् असा आवाज आला, पुढचा लाल दिवा मिचकावू लागला आणि यंत्र बंद पडले. “बोर्ड गेला, बदलावा लागेल, बावीस हजारांच्या आसपास,” असे सांगून तो पंधरा मिनिटांत निघून गेला. त्याच्या कागदावर दोनच ओळी होत्या. मी नोकरीत दिवसभर हिशेबाची कागदपत्रे तपासते, त्यामुळे कमी शब्दांचा कागद माझ्या मनात उगाचच संशय निर्माण करतो. या वेळी तो संशय उपयोगी पडला.

काकांना फोन केला तेव्हा त्यांनी येण्याची वेळ सांगण्याआधी तीन गोष्टी विचारल्या: पोलिसांचा पंचनामा आणि ठसे घेणे झाले का, पाणी आत गेले होते का, आणि त्यानंतर कुणी काही चालू करून पाहिले का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, “ताई, आता सगळ्याचे प्लग काढा, पंखा लावा आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका.” ओलावा आत असताना वीज दिली तर जे यंत्र वाळून पूर्ववत झाले असते तेही जळू शकते, हे त्यांनी फोनवरच समजावले. शनिवारी येतो म्हणाले आणि सोमवारी आले. हे दोन दिवस आम्ही घरात टीव्हीला वळसा घालून फिरत होतो. वेळ पाळली नाही याचा एक गुण मी कापला आहे, आणि उशीर होणार हे आपण होऊन न कळवल्याबद्दल खरे तर अर्धा आणखी कापायला हवा होता.

आल्यावर त्यांनी पिशवीतून सर्वांत आधी वही काढली. पानावर चार रकाने आखले: वस्तू, काय दिसले, कशाने झाले असावे, काय करावे लागेल. मग मोबाइलवर प्रत्येक वस्तूचे ती होती त्याच जागी आणि त्याच अवस्थेत फोटो काढले. ठसे घेताना वापरलेली पावडर टीव्हीच्या मागच्या जाळीवर आणि ॲम्प्लिफायरच्या झाकणावर तशीच होती. मी ओले फडके आणायला निघाले, तर त्यांनी थांबवले. अशा काही पावडरींमध्ये धातूचे बारीक कण असतात, ओल्या फडक्याने ते जाळीतून आत ढकलले जातील आणि बोर्डावर जाऊन बसतील, असे त्यांचे म्हणणे होते. कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली करून, त्यांनी ती हलकेच झटकली.

टीव्हीला त्यांनी जवळजवळ एक तास दिला. संच बंदच ठेवून खोलीतले दिवे घालवले, पडदे ओढले आणि बॅटरी काचेला जवळपास समांतर धरून तिचा झोत पडद्यावरून इकडून तिकडे फिरवला. समोरून अजिबात न दिसणारा नखाएवढा दबका डाव्या बाजूला त्या तिरप्या उजेडात स्पष्ट दिसला. सोफ्याच्या लाकडी हातावर टीव्हीचा भार तिथे पडला असावा. मग मागच्या जोडण्या पाहिल्या. चोराने टीव्ही वायरींसकट ओढल्यामुळे एचडीएमआयची वायर आडवी ताणली गेली होती आणि तिच्या खाचेतील प्लॅस्टिकची जिभली, जिच्यावर एकोणीस पिना बसवलेल्या असतात, ती मुळापासून हलत होती. “टीव्ही ओके” लिहिणाऱ्या मुलाने याच खाचेला बोटही लावले नव्हते, कारण त्याने चित्र टीव्हीच्या आतल्या ॲपवरून पाहिले होते. दुसऱ्या खाचेत वायर घातल्यावर सेट-टॉप बॉक्स व्यवस्थित चालला, म्हणजे बोर्ड ठीक आणि एक खाच निकामी, अशी नोंद झाली.

वीज दिल्यावर त्यांनी पेन ड्राइव्हवरून सपाट रंगांची चित्रे लावली: लाल, हिरवा, निळा, पांढरा, करडा आणि काळा. प्रत्येक रंगावर मिनिटभर थांबून, दोन हातांवरून आणि मग लांबून, त्यांनी मेलेले ठिपके आणि उभ्या रेषा शोधल्या. दबक्याच्या जागी पांढऱ्यावर पुसटशी सावली होती, बाकी पडदा स्वच्छ होता. काळ्यावर मात्र खालच्या कोपऱ्यात एक उजळ पट्टा दिसला. हा पट्टा चौकट पिळली गेल्यामुळे असू शकतो आणि पुष्कळ संचांत तो कारखान्यातूनच येतो. आम्हाला आधी होता की नाही हे आठवत नव्हते. काकांनी “कशाने झाले असावे” या रकान्यात लिहिले: “सांगता येत नाही.” हे तीन शब्द मी त्यानंतर कितीतरी वेळा वाचले आहेत. पुढचे दोन तास टीव्ही चालूच ठेवायला लावला, कारण पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांची पकड सैल झाली असेल तर रेषा संच तापल्यावर उमटतात. रेषा आल्या नाहीत. पॅनेल बदलायची वेळ आली असती तर नवा टीव्ही घेणेच परवडले असते, त्यामुळे या दोन तासांत माझे लक्ष चहापेक्षा पडद्याकडे जास्त होते.

ॲम्प्लिफायरची गोष्ट सर्वांत गमतीची, आणि थोडी संतापाची. काकांनी मागून बॅटरी लावून मला बोलावले आणि दाखवले: तोडलेल्या वायरीच्या तांब्याच्या केसासारख्या तारा फिस्कारून एकमेकींना आणि मागच्या पत्र्याला टेकल्या होत्या. अशा वेळी यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी स्पीकरची जोडणी तोडते आणि दिवा मिचकावते. त्याला प्रोटेक्शन म्हणतात आणि ते बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही. त्यांनी सगळ्या वायरी मुळापासून काढल्या. मग थेट भिंतीच्या प्लगला न लावता पिशवीतला सिरीज बल्ब काढला. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा पिवळा बल्ब आणि शेजारी एक सॉकेट. यंत्राला मिळणारी वीज या बल्बमधून जाते, त्यामुळे आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून राहतो आणि यंत्र वाचते. आमच्या ॲम्प्लिफायरला जोडल्यावर बल्ब क्षणभर लख्ख झाला, आतले मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरले तसा मंद होत गेला आणि शेवटी त्याची तार नुसती तांबूस उरली. मग थेट लाइनवर लावल्यावर काही सेकंदांनी आतून रिलेचा, म्हणजे स्पीकरची जोडणी करणाऱ्या स्विचचा, टक् असा आवाज आला, पण या वेळी दिवा स्थिर राहिला. बावीस हजारांचा बोर्ड ठणठणीत होता. माझे यजमान लगेच त्या केंद्राला फोन लावायला निघाले, त्यांना काकांनीच बसवले. “मुलाला दिवसात दहा घरे करायची असतात, साहेब. बसून तपासायला त्याला कोण वेळ देतो?” त्यांच्या या समजूतदारपणाशी मी पूर्ण सहमत नाही, पण नोंद करून ठेवते.

स्पीकर तपासण्याची पद्धत ज्यांच्या घरी असा संच आहे त्यांनी मुद्दाम पाहावी अशी होती. आठ ओहमच्या स्पीकरवर मल्टिमीटर, म्हणजे विजेचा रोध मोजणारा मीटर, साधारण सहाच्या आसपास आकडा दाखवतो. पुढचे दोन्ही स्पीकर तसे निघाले. मागच्या डाव्या स्पीकरवर आकडाच येईना, म्हणजे कुठेतरी जोडणी तुटली होती. खोके उघडल्यावर दिसले की वायर ओढली गेल्यामुळे आतला टर्मिनलचा टाका निघाला होता, कॉइल, म्हणजे पडदा हलवणारे तारेचे वेटोळे, शाबूत होती. तिथेच सोल्डरिंग गन काढून त्यांनी टाका मारला आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल दोन टोकांना क्षणभर टेकवला. स्पीकरचा पडदा पुढे सरकून ‘टप्’ असा आवाज आला, त्यावरून कॉइल जिवंत आहे आणि अधिक-उणे योग्य बाजूंना आहे, या दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. पडलेल्या मधल्या स्पीकरचा छोटा घुमट, म्हणजे उंच स्वरांचा ट्वीटर, आत दबला होता. मीटरने त्याची परीक्षा होत नाही, कारण वाटेत कपॅसिटर असतो आणि तो मीटरची वीज अडवतो, म्हणून त्यांनी खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जाणारा सूर वाजवला आणि कान लावून बसले. वरच्या टप्प्यावर सूर खरखरला. “बदलावा लागेल, चोराच्या खात्यावर,” ते म्हणाले. मोठ्या स्पीकरचा पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी समतोल दाबून कॉइल घासते का हेही पाहिले. हे घरी करून पाहण्याचा मोह टाळावा, तिरका दाब पडला तर न झालेले नुकसान आपण करून बसतो.

सबवूफरपाशी, म्हणजे खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरपाशी, मात्र प्रसंग उभा राहिला. त्याच्या पडद्याभोवतीची फोमची कडा फाटली होती आणि आम्ही ती चोराची करणी धरून चाललो होतो. काकांनी बोट लावले तर फोमचे काळे चिकट पीठ बोटाला लागले. हा फोम वर्षानुवर्षांच्या दमटपणाने आपोआप कुजतो, मुंबईत जरा लवकरच. यजमान म्हणाले, “काका, एवीतेवी लिहिताच आहात, तर हेही घरफोडीतच लिहा की.” काकांनी पेनचे टोपण लावले आणि म्हणाले, “वायरीवर पकडीचे दात उमटलेत, ते मी लिहितो. फोम हवेने खाल्लाय. हवेवर एफआयआर कसा करू?” आणि रकान्यात लिहिले: “जुना दोष, घटनेशी संबंध नाही.” यजमानांचा चेहरा पडला, पण त्या एका ओळीमुळे बाकीच्या कागदाला वजन आले असे मला तेव्हाच वाटले.

रेकॉर्ड प्लेअरविषयी मी सर्वांत हळवी होते. सासरे रविवारी सकाळी नाट्यसंगीताच्या तबकड्या यावर लावत असत, आणि आम्ही तो आता क्वचितच वाजवत असलो तरी त्याच्यावर धूळ बसू देत नाही. त्याचा सुई धरणारा हात आपल्या जागेवरून सुटून लोंबकळला होता. काकांनी डोळ्याला भिंग लावून सुई पाहिली आणि मला पाहायला दिले: केसाएवढी दांडी, जिच्या टोकाला हिरा बसवलेला असतो, ती स्पष्टपणे एका बाजूला वाकली होती. अशी सुई चालवली तर तबकडीच्या खाचा कायमच्या खरवडल्या जातात, म्हणून ती त्यांनी लगेच काढून डबीत ठेवली. सुई स्वतंत्र मिळते, ती जिच्यात बसते ती कार्ट्रिज बदलावी लागणार नाही. हाताचे बेअरिंग तपासण्यासाठी मागचे वजन फिरवून हात असा तोलला की तो हवेत तरंगत राहिला, आणि मग त्यावर नुसती फुंकर घातली. हात अडखळला नाही, तेव्हा काका पहिल्यांदा हसले. थाळी फिरवल्यावर कडेचे ठिपके छोट्या दिव्याच्या प्रकाशात थांबल्यासारखे दिसत होते, त्यावरून मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची गती बरोबर असल्याचे कळले. नवी सुई बसवल्यावर उत्पादकाने दिलेल्या भारानुसार वजन लावायचे, तेव्हा काटा घेऊन परत येईन, असे त्यांनी सांगितले. याप्रमाणे ते आले, आणि या खेपेस वेळेवर आले.

एक वस्तू त्यांनी घेतली नाही. टीव्हीशेजारची बाहेरची हार्ड डिस्क खाली पडलेली होती आणि तीत लग्नाचे आणि मुलांच्या बालपणीचे व्हिडिओ आहेत. ती उघडून पाहण्याची किंवा लावून पाहण्याची माझी इच्छा त्यांनी धुडकावली. आतली चकती ओरखडली गेली असेल तर प्रत्येक वेळी चालू करण्यागणिक माहिती कमी होत जाते, हे काम डेटा परत मिळवणाऱ्यांचे आहे, माझे नाही, असे म्हणून त्यांनी “तपासलेली नाही” अशी नोंद केली. डिस्क अजून तशीच बंद पिशवीत आहे.

विम्याचा भाग मी पटकन उरकते. गृहकर्जाबरोबर मिळालेला विमा आपल्याला सगळ्यापासून वाचवतो असा आमचा समज होता. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, वादळ यांसारख्या संकटांसाठी आहे, आणि चोरीचे संरक्षण तीत अशा एखाद्या संकटातून उद्भवलेल्या, सात दिवसांच्या आतल्या चोरीपुरतेच आहे. घरफोडीचे संरक्षण निराळे घ्यावे लागते. सुदैवाने यजमानांनी ते गेल्या वर्षी घेतले होते. विमा कंपनीतर्फे नुकसान पाहायला आलेल्या सर्व्हेअरने पंचनामा, एफआयआर आणि काकांचे पान मागितले. एफआयआर भारतीय न्याय संहितेच्या घरफोडीच्या कलम ३३१ आणि प्रयत्नाच्या कलम ६२ खाली आहे. तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. सर्व्हेअर पान वाचत खाली आला, सबवूफरच्या ओळीवर बोट ठेवून थांबला, वर पाहिले आणि त्यानंतर उरलेल्या ओळींबद्दल काहीच विचारले नाही.

पैशांचे म्हणाल तर तपासणी, घरी येणे आणि एक टाका यांचे मिळून १,८०० रुपये झाले, चार तासांच्या कामाला हे मला अजिबात जास्त वाटले नाही. सुई आणि ट्वीटरचे पैसे वेगळे. उणिवाही सांगायला हव्यात. पावती आधी हाताने लिहिलेली मिळाली, ती विमा कंपनीला चालली नाही, आणि जीएसटीसह छापील बिल मिळायला दोन फोन आणि चार दिवस लागले. अक्षर असे आहे की ‘ट्वीटर’ सर्व्हेअरने ‘टॉवेल’ वाचला. भिंतीवरचा वाकलेला ब्रॅकेट ते बसवत नाहीत, त्यासाठी सुताराला बोलवावे लागले. आणि फोन दुपारी उचलत नाहीत. सकाळी अकराच्या आधी करावा.

पाचपैकी चार. सबवूफरच्या फोमची नवी कडा मागवली आहे, तिचे पैसे आमच्या खिशातून जाणार आहेत, आणि काकांनी बिलावर तसे आधीच लिहून दिले आहे.